नायिकेची कंबर मोजू नका, तिला खेळून बघा

नागपुरातल्या आंतरमहाविद्यालयीन गेम डिझाइन स्पर्धेचे आयोजक आणि परीक्षक यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेची नियमावली तुम्ही जाहीर केलीत. तिच्यातला 'वीरांगना' विभागाचा नियम वाचल्यापासून मला गप्प बसवत नाही. नियम असा की स्पर्धकांनी पात्राचं शरीर स्वतः घडवायचं नाही, तुम्ही दिलेल्या बेस मेशवरच, म्हणजे पात्राच्या कच्च्या त्रिमितीय पुतळ्यावरच काम करायचं. पुरुष पात्रांसाठी तुम्ही चार पुतळे दिले आहेत: सडपातळ, पिळदार, जाडजूड आणि म्हातारा. बाईसाठी एकच.

मी ती फाइल उघडून पाहिली. खांदे निमुळते, कंबर मुठीत मावेल एवढी, पाय धडाच्या मानाने भलतेच लांब. मांसपेशी कुठे दिसू नयेत याची काळजी घेतलेली. सर्वांत वाईट म्हणजे पावलं. ती उंच टाचेच्या चपलेसाठी आधीच उचलून ठेवली आहेत. मुलामुलींनी त्या पायात बूट घालोत की कोल्हापुरी, नायिका चवड्यांवरच उभी राहणार. विभागाचं नाव वीरांगना, आणि तिला टाच टेकायची सोय नाही. अशा पावलांनी ती धावणार कशी, उंचावरून उडी मारून उतरणार कशी, हा प्रश्न फाइल मंजूर करताना कुणालाच पडला नाही का?

मी नागपूरची. गेमसाठी पात्रं घडवणं हेच माझं काम, घरी बसून बाहेरगावच्या स्टुडिओंसाठी करते. रविवारी काही मुलामुलींना शिकवते, त्यातल्या दोघींनी यंदा तुमच्या स्पर्धेत भाग घेतला होता. त्या हरल्या म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. स्पर्धेत हार-जीत असतेच. त्यांच्या गुणपत्रिकांवर जे शेरे लिहून आले, ते आणि हा नवा नियम एकाच विचारातून आलेले आहेत, आणि तो विचार मला मान्य नाही.

पहिली मुलगी चंद्रपूरकडची. तिची नायिका वनरक्षक आहे. खाकी शर्ट-पँट, पट्ट्याला शिट्टी, हातात काठी, मंगळसूत्र शर्टाच्या आत टाकलेलं, कपाळावर घामाने फिसकटलेली टिकली. बांधा भरलेला. तिच्याकडे बंदूक नाही. खेळणाऱ्याने पाणवठ्याजवळचे ठसे वाचायचे, चितळाची आणि वानराची धोक्याची हाक ओळखायची, आणि कधीकधी काहीच न करता जागच्या जागी थांबायचं. मी तो थांबण्याचा प्रसंग खेळले आहे. बटणावरचं बोट उचलायला जेवढी हिंमत लागते तेवढी गोळी झाडायला लागत नाही. हे तिने स्वतःच्या डोक्याने शोधलं, मी शिकवलं नाही.

या गेमवर शेरा काय? 'मेहनत चांगली. पात्र फार साधं. हिरॉइन वाटत नाही. कंबर बारीक करावी.'

ती मुलगी मला म्हणाली, "मॅडम, माह्या मावशीची कंबर काही अशी नाही, पण थे रोज जंगलात पायी फिरते. मंग थे कमजोर हाय का?" मी तिला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच सांगा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, हे विदर्भात कुणाला नव्याने सांगायला नको. त्या बाईच्या कामाला आपल्या मुलीने गेममध्ये आणलं, आणि आपण तिला कंबरेचं माप सुचवलं.

दुसरी मुलगी नागपुरातल्याच महाल भागातली. तिची नायिका नऊवारीत आहे, नाकात नथ, वेणीत गजरा, आणि हातात दांडपट्टा, जो २०२४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. तिला शेरा मिळाला: 'नाजूकपणा जास्त. गजरा-नथ काढल्यास पात्र शूर वाटेल.'

दोन्ही शेऱ्यांचं अक्षर एकच आहे. एकीला सांगितलं, अजून बाई हो. दुसरीला सांगितलं, जरा कमी बाई हो. जणू बाईपण आणि बळ ही एकाच तागडीची दोन पारडी, एक खाली गेलं की दुसरं वर जाणारच. या हिशेबात बसेल अशी नायिका कुणी घडवायची आणि कशी?

नऊवारीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे तुमच्या परीक्षकांनी कारागिरीकडेच पाहिलेलं नाही. नऊवारीचा काष्टा दोन पायांमधून मागे खोचलेला असतो. त्यामुळे प्रत्येक पायावरचं कापड त्या-त्या पायाच्या हाडांना, म्हणजे पात्राला हलवणाऱ्या आतल्या सांगाड्याला, बांधता येतं, आणि पात्र धावताना गुडघा कापडातून बाहेर डोकावत नाही. घागऱ्यात किंवा झग्यात हीच डोकेदुखी असते, म्हणून तर कितीतरी गेममध्ये लढणाऱ्या बाईचा झगा मांडीपासून कापलेला दिसतो. आपल्या आज्या-पणज्यांनी शेतात वाकायला, घोड्यावर बसायला जे नेसणं वापरलं, ते ॲनिमेशनलाही सोयीचं निघालं. गजऱ्यासाठी त्या मुलीने वेणीत बारीक हाडांची साखळी घातली आहे. पट्टा फिरवला की वेणी अर्धा क्षण उशिरा वळते, आणि वार किती वेगाने गेला हे खेळणाऱ्याला त्या गजऱ्यावरून कळतं. तो काढला तर वाराचा जोर दिसणं कमी होईल. हे समजायला गेम सुरू करावा लागतो.

आणि तो कुणी सुरू केलाच नाही. ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. दोघी लॅपटॉप उघडून, कंट्रोलर जोडून उभ्या होत्या. परीक्षकांनी पडद्यावर गोल फिरणारं पात्र पाहिलं, दोन-तीन प्रश्न विचारले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. वेळ कमी होता, असं नंतर सांगण्यात आलं. गेमच्या स्पर्धेत गेम खेळायला वेळ नसेल तर मग मोजणार काय? उरतं ते फक्त शरीर.

नायिकेचं बळ तिच्या दंडात नसतं आणि तिच्या कपड्यांतही नसतं. खेळणाऱ्याच्या हातात ती आल्यावर काय करू शकते, नियम तिला काय करू देतात, त्यात ते असतं. हे मी मनाचं सांगत नाही, या माध्यमाचा इतिहासच ते सांगतो.

१९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'मधली चुन-ली घ्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फितीने बांधलेले अंबाडे, अंगात चिनी झगा, मांड्या पैलवानाच्या. बापाच्या खुन्याच्या मागावर असलेली इंटरपोलची अधिकारी, आणि जिंकली की लहान पोरीसारखी उड्या मारत हसते. तो गेम बनत असताना कॅपकॉमच्या योशिकी ओकामोटो यांचं म्हणणं होतं की ती बाई आहे, तर तिची शक्तीची पट्टी, म्हणजे मार खाल्ला की घटणारी पट्टी, बाकीच्यांपेक्षा आखूड ठेवावी. हे त्यांनीच पुढे एका मुलाखतीत सांगितलं आहे. डिझायनर अकिरा निशितानी यांनी ते मानलं नाही, पट्टी सगळ्यांच्या बरोबरीची राहिली. चुन-लीला बलवान करायला तिचे अंबाडे सोडावे लागले नाहीत. पट्टी बरोबरीची ठेवावी लागली, एवढंच. जगभरच्या मुलींनी तिला घेऊन भावांना हरवलं ते त्या पट्टीच्या जोरावर.

याउलट १९८६ चा 'मेट्रॉइड'. चिलखतातला योद्धा शेवटी बाई निघतो, सॅमस अरान. खेळणाऱ्यांना धक्का बसला, आणि तो धक्का बसायलाच हवा होता. पण गेम जितक्या कमी वेळात संपवाल तितके शेवटच्या चित्रात तिच्या अंगावरचे कपडे कमी. तासाभराच्या आत संपवला तर ती बिकिनीत उभी. अख्ख्या गेमभर जिने लढाई केली, तिलाच शेवटी बक्षीस म्हणून मांडलं.

'टूम रेडर'ची नायिका लारा क्रॉफ्ट हिच्याबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. १९९६ मध्ये इंग्लंडच्या डर्बीतल्या कोअर डिझाइनने तिला आणलं तेव्हा तिचं शरीर अवास्तव होतं आणि जाहिराती त्याहून. मी 'टूम रेडर' आतेभावाच्या कॉम्प्युटरवर खेळले. आजही बोटांना आठवते ती तिची उडी: एक उडी मागे, मग धाव, झेप, आणि हवेत असताना कंट्रोलचं बटण दाबून धरून कड पकडणं. कड सुटली तर दोष माझा, पकडली तर श्रेयही माझं. त्या वयात असा विश्वास मला दुसऱ्या कुठल्या गोष्टीने दिला नव्हता. २०१३ मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्सने तिला नव्याने घडवलं. लेखन रिआना प्रॅचेटचं. शरीर माणसासारखं झालं, अंगावर पूर्ण पँट आली, भीती आणि थकवा चेहऱ्यावर आला. पण खेळणारा चुकला की तिचं मरण कॅमेरा किती जवळून दाखवतो ते पाहा. नदीच्या लोंढ्यात चूक झाली तर लोखंडी दांडा गळ्यातून आरपार, आणि तिची तडफड. कपडे वाढवले म्हणजे सन्मान आला असं होत नाही. कॅमेरा कुठे उभा आहे, तो किती वेळ रेंगाळतो, हे विचारावंच लागतं.

म्हणून मी सजलेल्या, नटलेल्या नायिकांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. २००९ च्या 'बेयोनेटा'ची नायिका मारी शिमाझाकी या बाईनेच घडवली आहे, आणि ती आवडणाऱ्या बायका मला माहीत आहेत. मला स्वतःला ती फार आवडत नाही. पण ती असू नये, असं मी म्हणणार नाही. मी म्हणते, ती एकटीच असू नये.

कारण दुसऱ्या टोकाला काय होतं तेही आपण पाहिलं. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मधली ॲबी दंडाने भक्कम आहे. तिचं शरीर कोलीन फॉच या खऱ्याखुऱ्या खेळाडूवरून घेतलेलं. तरी 'बाई अशी असूच शकत नाही' म्हणून केवढा गदारोळ झाला, आणि तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पुढे 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ची चित्रं आली, तेव्हा त्याची नायिका एलॉय हिच्या गालावरची बारीक लव दिसते म्हणून लोक खवळले. यांत्रिक जनावरांची शिकार करणारी मुलगी चालते, गालावरची लव चालत नाही. तुमच्या परीक्षकाने 'कंबर बारीक करावी' असं लिहिलं तेव्हा ते याच रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांचा हेतू वाईट नसेल. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीवर त्याचा परिणाम तोच होतो.

एकच बेस मेश का, असं मी विचारलं तेव्हा मला सांगण्यात आलं की रिगिंग, म्हणजे पात्र हलावं म्हणून पुतळ्यात बसवलेला हाडांचा सांगाडा, तपासलेलं आहे, जास्त शरीरं द्यायची तर काम वाढतं. हे कारण जुनं आहे. २०१४ मध्ये युबिसॉफ्टने 'असॅसिन्स क्रीड युनिटी'त खेळता येईल अशी स्त्री पात्रं का नाहीत, यावर हेच सांगितलं होतं: ॲनिमेशनचं काम दुप्पट होतं. त्याच मालिकेवर आधी काम केलेल्या जोनाथन कूपर या ॲनिमेटरने तेव्हा उघडपणे म्हटलं की हे एक-दोन दिवसांचं काम आहे. चार वर्षांनी त्याच मालिकेत 'ओडिसी'ची कसांड्रा आली. आणि तुमच्याकडे पुरुषांची चार शरीरं तपासायला वेळ निघालाच की.

तुम्ही दिलेल्या आवाजांच्या संचाबद्दलही थोडक्यात. मार लागल्यावर पुरुष पात्र कण्हतं, ओरडतं. बाईच्या फायलीतले सुस्कारे मला हेडफोन लावल्याशिवाय घरात ऐकता आले नाहीत. तो संच काढून टाका.

'बाजाराला हेच लागतं' असंही ऐकू येतं. मग पुण्याकडे पाहा. नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' आणला. डोंबाऱ्याचे खेळ करणारी पोर, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते. तिला दुर्गेचा त्रिशूळ मिळतो, पण ती देवी होत नाही. खांबावर चढते, भिंतीवरून धावते, गिरकी घेऊन मारते, म्हणजे तिचं बळ तिच्या कसरतीतून आलेलं आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे बाई शूर दाखवायची तर तिला थेट देवी करून टाकतात. देवीला दम लागत नाही, तिचं चुकत नाही, तिला घाबरायची परवानगी नसते. २०१७ च्या 'हेलब्लेड'मधली सेनुआ डोक्यातले आवाज ऐकत, थरथरत पुढे जाते. ते आवाज खरे वाटावेत म्हणून निन्जा थिअरीने केंब्रिजचे प्राध्यापक पॉल फ्लेचर आणि सायकोसिस हा मनाचा आजार भोगलेली माणसं यांचा सल्ला घेतला. ती थरथर आहे म्हणून तिचं एकेक पाऊल मोलाचं वाटतं.

आणि हे सगळं नागपुरात सांगावं लागतंय. आपल्याच गावच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखने जानेवारी २०२४ मध्ये, नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथली स्पर्धा खेळून झाल्यावर, जाहीरपणे लिहिलं होतं की प्रेक्षक तिचे डाव सोडून तिचे कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवर बोलतात. जुलै २०२५ मध्ये तिने जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. एकोणिसाव्या वर्षी. सगळ्या गावाला अभिमान वाटला. तिची तक्रार मात्र आपण ऐकली का? ऐकली असती तर खेळणाऱ्या मुलीचा डाव आधी पाहायचा आणि दिसणं सोडून द्यायचं, एवढी साधी गोष्ट याच शहरातल्या गुणपत्रिकेत दिसली असती.

झाशी राणी चौकातून आपण रोज जातो. राणी दुर्गावती १५६४ मध्ये मुघल फौजेशी लढताना पडली, तिचं नाव गोंडवनाच्या या प्रदेशात अजून घेतलं जातं. या बायकांना कुणी दागिने काढायला सांगितले नव्हते आणि घालायलाही सांगितले नव्हते.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

एकाच स्त्री बेस मेशचा नियम मागे घ्या. पुरुषांसाठी जितकी शरीरं, तितकीच बायकांसाठी द्या, किंवा स्पर्धकांना स्वतःचं शरीर घडवू द्या. काम वाढतं म्हणत असाल तर स्त्रीची चार शरीरं, म्हातारीसकट, रिगिंग करून मी देते. एक पैसा नको, नावही नको.

गुणपत्रिकेतला 'आकर्षकता' हा रकाना काढा. तो फक्त नायिकांच्या पत्रिकेत आहे, नायकांच्या नाही. दोघांना एकच पत्रिका लावा, आणि सर्वांत जास्त गुण पात्र खेळताना काय करतं याला ठेवा.

प्रत्येक परीक्षकाने प्रत्येक गेमचा निदान पहिला टप्पा स्वतः खेळल्याशिवाय गुण देऊ नयेत. वेळ पुरत नसेल तर परीक्षक वाढवा, दिवस वाढवा, प्रवेशिका आधी मागवा.

परीक्षक मंडळात गेम बनवणाऱ्या किंवा नेमाने खेळणाऱ्या बायका घ्या. यंदा एकही नव्हती. नागपुरात अशा बायका आहेत, नावं हवी असतील तर त्यांना विचारून कळवते.

टिकली, मंगळसूत्र, गजरा, खाकी, पदर, उघडा दंड, यातलं काय ठेवावं नि काय काढावं असे शेरे लिहू नका. वेशभूषा खेळात अडते का, एवढंच विचारा. अडत असेल तर कुठे, ते लिहा. त्याने विद्यार्थ्याला शिकता येईल.

आणि शेवटचं. वनरक्षक आणि पट्टेवाली, हे दोन्ही गेम परत मागवून घ्या आणि खेळा. निकाल बदला असं मी म्हणत नाही. बक्षीस मिळालेल्या मुलांनी मेहनत केली आहे, ते त्यांच्याकडेच राहू दे. या दोघींना खेळून झाल्यावर लिहिलेला नवा शेरा द्या, परीक्षकाच्या सहीनिशी. नोंदणी सुरू व्हायच्या आत तो त्यांच्या हातात पडला तर पुढच्या वर्षी त्या पुन्हा भाग घेतील. सध्या दोघींचाही विचार नाही.

कळावे,
आपली,
एक कॅरेक्टर आर्टिस्ट, नागपूर